राउंडअबाउटवरची गोदाक्का

टेबलावर ओळीने मांडलेल्या डब्यांपैकी पाचव्या डब्यावर गोदाक्काचं नाव होतं. ते वाचलं आणि पुष्करच्या हातातला चमचा बशीवर आपटला. आवाज फार मोठा नव्हता. शेजारच्या मॉरीन नावाच्या बाईंनी वळून पाहिलं, तो सॉरी म्हणाला, त्याही सॉरी म्हणाल्या आणि विषय मिटला. पण आधीच्या चार डब्यांतले चहा आपण कसे चाखले, हे त्याला नंतर सांगता आलं नसतं. नाव वर इंग्रजीत होतं आणि खाली देवनागरीत. देवनागरी अक्षरं त्याच्या मुलीच्या, कस्तुरीच्या हातची, आधी रेघ ओढून मग तिला एकेक अक्षर टांगावं तशी. शनिवारच्या मराठी शाळेत ती असंच लिहायची. त्या शाळेत तिला त्याची बायको नीना घेऊन जायची. शनिवारी तो गाडी धुवायचा, आठवड्याचं सामान आणायचा आणि उरलेल्या वेळात झोपायचा. गोदाक्का हे नाव त्याने गेल्या वीस वर्षांत उच्चारलं नव्हतं, कुणाच्या तोंडून ऐकलंही नव्हतं. ते त्याने स्वतः, डोकं उशीला टेकलेलं असताना, एका चार वर्षांच्या मुलीसाठी बनवलं होतं, आणि जगात ते फक्त त्या एका खोलीत माहीत होतं.

लंडनच्या ईलिंगमधल्या त्या कॅफेची मागची खोली रविवारी दुपारी कस्तुरीला मिळायची. एरवी ती एका खाद्यपदार्थांच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत होती. रविवारचा हा उद्योग तिने आणि तिचा मित्र देव याने मिळून काढला होता. येणाऱ्याने गोष्टीतलं आपलं आवडतं पात्र आधी कळवायचं, मग कस्तुरी त्या पात्राच्या स्वभावाचा चहा जमवायची. मॉरीनबाईंनी लहानपणी वाचलेल्या कादंबरीतली एका गलबताच्या कप्तानाची विधवा कळवली होती. तिच्या चहात समुद्री शेवाळ होतं आणि तो खारट लागत होता. समोरच्या तरुणाने न्यायाधीश झालेला कोल्हा मागितला होता. पुष्करला कस्तुरीने फोनवर विचारलं तेव्हा तो म्हणाला होता की मी कादंबऱ्या वाचत नाही, तुला हवं ते घाल. वर हेही विचारलं होतं की या उद्योगात पेन्शनचं काय. ती हसली होती. नीना गेल्यापासून दोन वर्षं त्यांचं बोलणं बॉयलर, गाडीची वार्षिक एमओटी तपासणी आणि शेजाऱ्याचं कुंपण यावर चालायचं, आणि दोघांनाही ते सोयीचं होतं. या वेळी मात्र ती म्हणाली होती, "बाबा, तुम्ही यायलाच हवं." आईला ती तू म्हणायची, त्याला तुम्ही. पुण्यात वाढलेल्या नीनाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, त्यालाही नाही. आज मात्र डब्याकडे बघताना त्याला वाटलं की आपण कळवलं नाही तेव्हा तिने आपल्या वतीने पात्र निवडलं आहे. आपलं पात्र. तिला आठवतंय, हे शब्द त्याच्या मनात इतक्या स्पष्टपणे उमटले की ते कुणाला ऐकू गेले की काय, म्हणून त्याने आजूबाजूला पाहिलं.

देव त्याच्या मागे येऊन वाकला. तो साउथहॅम्प्टनचा, तिथल्या हॉस्पिटलमधल्या डॉक्टर जोडप्याचा मुलगा. त्याचं मराठी घराबाहेर फारसं पडलेलं नव्हतं. "काका, तुम्ही आवाज नाही करत," तो हळूच म्हणाला. "जोरात ओढायचा. हवा पण आत गेला पाहिजे, नाहीतर टेस्ट नाही येत. लाजू नका, इथे अलाउड आहे." टेबलाभोवतीची इंग्रज मंडळी चमचा ओठाला लावून मन लावून भुरके मारत होती. मॉरीनबाईंचा भुरका सगळ्यांत मोठा होता. पुष्करला हसू आलं. इंग्लंडला आल्यावर, ब्रॅकनेलच्या ऑफिसात पहिल्या महिन्यात त्याने कपातला चहा असाच ओढला होता. शेजारच्या टेबलावरच्या माणसाने मान वर केली होती. त्या संध्याकाळपासून पुष्कर चहा निवू द्यायला आणि मग गुपचूप गिळायला शिकला. घरीसुद्धा. नीना एकदा म्हणाली होती, अरे, इथे कोण बघतंय. पण सवय लागली की ती घरातलं आणि बाहेरचं असा फरक करत नाही. बशीत ओतून पिणं गेलं, भुरका गेला, पुढे चहाच गेला, कॉफी आली. आणि आता हे लोक पैसे भरून त्याच्या वडिलांसारखा आवाज काढत बसले होते. त्याने चमचा ओठाला लावला आणि ओढला. आवाज आला नाही. ओठांना ते आता जमेनासं झालं होतं.

गोदाक्का आली ती ब्रॅकनेलच्या राउंडअबाउटांमुळे, चौकाचौकातल्या त्या गोल बेटांमुळे. त्या गावात रस्त्यांपेक्षा राउंडअबाउट जास्त असावेत असं नव्या माणसाला वाटतं, आणि पुष्कर तेव्हा नवा होता. पुण्याच्या कंपनीने ऑनसाइट पाठवलेला, वर्क परमिटची मुदत मनात सतत वाजत असलेला. घराच्या खिडकीतून एक मोठा राउंडअबाउट दिसायचा. मधल्या हिरवळीकडे बोट दाखवून कस्तुरीने विचारलं, तिथे कोण राहतं. तो म्हणाला, गोदाक्का. मग सांगावंच लागलं. गोदाक्का सांगलीकडची. मुलाकडे राहायला आलेली. एका सकाळी दूध आणायला म्हणून निघाली, अर्धा रस्ता ओलांडून राउंडअबाउटवर पोचली आणि तिथेच अडकली, कारण गाड्या काही थांबेनात. तिने हात केला, लोकांनीही हात केला आणि पुढे गेले. दुपार झाली तेव्हा तिने लुगड्याचा पदर झुडपाला बांधून सावली केली. दुसऱ्या दिवशी मेथी पेरली. मेथी अशासाठी, की नीनाने त्या दिवशी ईलिंगहून येताना मेथी आणायला सांगितली होती आणि तो विसरला होता. चुकलेले ड्रायव्हर गोदाक्काला रस्ता विचारायचे आणि ती सगळ्यांना डावीकडे पाठवायची, कारण तिला तेवढंच इंग्रजी येत होतं. कस्तुरी हसताना पाय झाडायची, त्याच्या बरगडीला लागायचे. एखाद्या गोष्टीवर कुणी इतकं हसू शकतं आणि ती गोष्ट आपण केलेली असते, याचं त्याला रोज नव्याने आश्चर्य वाटायचं. ऑफिसात त्याच्या कुठल्याही वाक्यावर कुणी हसत नसे. तिथे तो प्रत्येक वाक्य आधी मनात बांधून, तपासून, मग बाहेर काढायचा. तोवर बहुतेक वेळा विषय बदललेला असायचा.

मग अमेरिकेतलं काम आलं. तिथल्या लोकांच्या दुपारच्या जेवणानंतर इकडच्या टीमने दिवसाचं काम त्यांच्या हवाली करायचं, त्याचा रोजचा कॉल. तो नेमका कस्तुरीच्या निजायच्या वेळेला पडला. वेळ बदलता येईल का असं त्याने विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही असं तो तेव्हा म्हणाला असता. आज, त्या खोलीत, त्याला एवढंच आठवत होतं की विचारायचं सुचलंच नाही. काही दिवस गोष्ट लवकर उरकून झाली. काही दिवस, उद्या दोन सांगतो, असं म्हणून झालं. आणि एका संध्याकाळी, खालच्या खोलीत लॅपटॉप सुरू करून ठेवलेला असताना, तो पलंगाच्या कडेला बसला, आडवासुद्धा झाला नाही, आणि म्हणाला की आज एक बस थांबली. ड्रायव्हरने दार उघडलं. गोदाक्का बसमध्ये बसली आणि तिच्या घरी गेली. कुठल्या घरी, कस्तुरीने विचारलं. सांगलीला. परत कधी येणार? नाही येणार, तिला आता बरं वाटतंय. झाली गोष्ट. कस्तुरी रडली नाही. ती ओके म्हणाली, तेव्हा नुकतंच नर्सरीत शिकलेलं ओके. जिना उतरताना त्याला जे वाटलं ते वाईट वाटणं नव्हतं. एखादं रेंगाळलेलं काम बंद केल्यावर वाटतं तसं हलकं वाटलं होतं. ते हलकं वाटणंच त्याला आता आठवत होतं, त्या जिन्याच्या कार्पेटच्या रंगासकट.

पाचव्या डब्याची पाळी आली तेव्हा कस्तुरीने कप वाटले आणि सगळ्यांना थांबायला सांगितलं. हा गरम प्यायचा नाही, ती इंग्रजीत म्हणाली, निवू द्यायचा. पुष्करने वास घेतला. आसामचा जाड वास, त्यात गवती चहा, आणि मागे भाजलेली मेथी. मेथी ओळखल्यावर त्याने कप पुन्हा नाकाशी नेला. मेथी त्याची होती. पण तिच्याही मागे धूर होता, ओल्या काटक्या पेटवल्यावर येतो तसा, आणि तो कुठून आला हे त्याला कळेना. त्याच्या गोदाक्काने कधी चूल पेटवली नव्हती. चहा निवला. त्याने चमचाभर घेतला. निवलेल्या चहात मेथीचा कडूपणा पुढे आला होता आणि जिभेच्या मुळाशी बसून राहिला. धूर नाकात. मॉरीनबाईंनी विचारलं की हे कुठल्या पुस्तकातलं, मी तर हे नाव ऐकलेलं नाही. कस्तुरी म्हणाली की पुस्तकातलं नाही. माझी आई मला हिची गोष्ट सांगायची.

माझी आई. पुष्करने कप खाली ठेवला. तिचं काहीतरी चुकलं असेल, आठवणीत माणसं अशी इकडची तिकडे होतात, असं तो स्वतःला सांगत होता तोवर कस्तुरी पुढे गेली होती. आणि पुढचं सगळं त्याला नवीन होतं. गोदाक्का एकदा बसमध्ये बसून निघाली, ती म्हणाली, पण बस कुठेही गेली तरी वळायला शेवटी त्याच राउंडअबाउटला येते. त्यामुळे संध्याकाळी गोदाक्का परत तिथेच उतरली. बरं झालं, मेथीला पाणी द्यायचं राहिलं होतं. मग तिने चूल मांडली. लोक गाडीतून फेकतात त्या जाहिरातींच्या कागदांवर ती चहा करायची. एका हिवाळ्यात तिच्याकडे एक साळिंदर भाड्याने राहिलं. एकदा कौन्सिलची माणसं आली आणि गवत कापायच्या ऐवजी जेवून गेली. टेबलाभोवती हशा पिकत होता. पुष्करही हसला, कारण गोष्ट चांगली होती, त्याच्यापेक्षा चांगली होती. आणि त्या हसण्यातच त्याला नीनाचा आवाज ऐकू आला. ती कस्तुरीच्या इंग्रजीच्या आत होती, "बरं झालं" म्हणण्याच्या त्या विशिष्ट ठिकाणी.

"आणि एक माणूस होता," कस्तुरी म्हणाली. तो रोज सकाळी रुपेरी गाडीतून राउंडअबाउटला वळसा घालून कामाला जायचा. त्याच्या कानात आणखी एक छोटा माणूस राहायचा आणि हा सगळा वेळ त्याच्याशीच बोलत असायचा. गोदाक्का रोज त्याच्यासाठी चहा करून रस्त्याच्या कडेला कप ठेवायची, हात करायची. तो थांबायचा नाही. बघायचाही नाही, पण गाडी मात्र छान चालवायचा. संध्याकाळी तो दुसऱ्या बाजूने परत जायचा. मग गोदाक्का तो निवलेला चहा स्वतः पिऊन टाकायची, कारण चहा फेकलेला तिला आवडायचा नाही. म्हणून हा असा प्यायचा. कोल्हेवाला तरुण म्हणाला की भयंकर माणूस आहे. मॉरीनबाई म्हणाल्या की अजिबात नाही, माझा नवरा असाच होता, कानात माणूस नसतानाही. सगळे हसले. पुष्करही हसला, आणि हसताना त्याला जाणवलं की आपण एका अनोळखी माणसाला हसावं तसे हसतो आहोत. रुपेरी गाडी त्याने नंतर पाच वर्षांनी विकली होती.

वरची छोटी खोली आणि कस्तुरीची खोली यांच्यामधली भिंत पातळ होती. अमेरिकेचा कॉल पुढे त्याने वरच्या छोट्या खोलीत हलवला, तेव्हा पलीकडून कुजबुज ऐकू यायची. नीनाचा एकसुरी आवाज, मध्येच कस्तुरीचा प्रश्न, मध्येच फिसकन हसणं. त्याने ते ऐकलं होतं. वर्षानुवर्षं ऐकलं होतं. आवाज वाढला की तो हेडसेटचा माइक हाताने झाकायचा आणि भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करायचा. पलीकडे शांतता व्हायची, मग थोड्या वेळाने कुजबुज पुन्हा सुरू, आणखी खालच्या पट्टीत. एकदा पाणी प्यायला म्हणून तो बाहेर आला आणि त्याने त्यांच्या खोलीत डोकावलं. दोघी एका पांघरुणात होत्या, गप्प झाल्या. काय चाललंय, त्याने विचारलं. काही नाही, नीना म्हणाली. त्याला वाटलं मराठीचं वाचन घेते आहे, आणि नीना किती करते मुलीसाठी, असा एक कौतुकाचा विचारही मनात येऊन गेला. तो परत कॉलवर गेला. ती त्याच्यापासून लपवत होती असं आज त्याला वाटेना. लपवायचं असतं तर त्या इतक्या हसल्या नसत्या. त्याने दारात उभं राहून आणखी एक प्रश्न विचारला असता, कुठली गोष्ट एवढंच, तर तिने पांघरूण उचलून जागा केली असती. नीना तशीच होती. तो प्रश्न विचारायला किती वेळ लागला असता, आणि त्या वेळात पलीकडे अमेरिकेत काय कोसळलं असतं, याचा तो प्रामाणिकपणे विचार करू लागला. त्याला त्या कॉलवरचा एकही विषय आठवेना. माणसांची नावं आठवली, आवाज आठवले, एकाच्या मागे सतत भुंकणारा कुत्रा आठवला. विषय एकही नाही.

पाच डबे झाल्यावर मध्यंतर होतं. मंडळी पाय मोकळे करायला पुढच्या खोलीत गेली. देव त्यांना बिस्किटं देत होता. कस्तुरी ओट्याशी किटलीत थर्मामीटर धरून उभी होती. पुष्करने न सांगता रिकामे कप गोळा केले आणि तिच्या बाजूला नेऊन ठेवले. ती थँक्यू बाबा म्हणाली. तो तिथेच उभा राहिला. काय बोलायचं ते त्याने नेहमीसारखं आधी मनात बांधलं, तरी बाहेर पडताना ते तक्रारीसारखंच आलं.

"गोदाक्का मी सुरू केली होती."

"माहितीय मला," कस्तुरी म्हणाली. तिचं लक्ष आकड्याकडे होतं. "मेथी तुमचीच आहे त्यात."

"मग त्यांना सांगायचं तसं."

"काय सांगू? बाबांनी सुरू केली आणि बाबांनीच तिला बसमध्ये बसवून पाठवून दिलं, असं?" ती रागावलेली नव्हती. प्रयोगशाळेत कुणी चुकीचा प्रश्न विचारला तर ती अशीच बोलत असेल. "मी तिच्यासाठी डबा भरला होता, बाबा. बिस्किटांचा. खिडकीत ठेवला, राउंडअबाउट दिसतो तिथे, म्हणजे बस वळली की तिला दिसेल. सकाळी आईला मिळाला तो. मुंग्या लागल्या होत्या."

त्याला हे माहीत नव्हतं. मुंग्या त्याला आठवत होत्या. त्या आठवड्यात वरच्या मजल्यावर मुंग्या झाल्या होत्या आणि त्याने फवारा आणला होता. खिडकीच्या चौकटीत वाकून त्याने तो मारला होता, नीट, कोपऱ्याकोपऱ्यात. नीना दारात उभी राहून बघत होती. तिने त्याच दिवशी ठरवलं असेल. किंवा ठरवलंही नसेल, रात्री मुलीने विचारलं असेल आणि तिने बस वळवून आणली असेल, इतकंच. नीना ठरवून फार कमी गोष्टी करायची. तिच्या आजारपणातल्या शेवटच्या महिन्यांत तो रोज तिच्या उशाशी बसून असायचा. तेव्हा कॉल नव्हते, काहीच नव्हतं, दोघांकडे फक्त वेळ होता. तो तिला बातम्या वाचून दाखवायचा. गोदाक्काचं नाव तिने काढलं नाही. कदाचित तिला वाटलं असेल, तो विसरला. आणि तो खरंच विसरला होता.

"तो गाडीवाला," पुष्कर म्हणाला आणि थांबला.

कस्तुरीने थर्मामीटर बाहेर काढलं, पुसलं. "आईला तो आवडायचा हां," ती म्हणाली. आता आवाज मऊ होता, आणि तो मऊपणा त्याला जास्त लागला. "मी त्याला वाईट बोलले की ती मला गप्प करायची. म्हणायची, अगं त्याला उशीर झालाय. गाडी बघ किती स्वच्छ ठेवतो."

पुढच्या खोलीतून देवने हाक मारली, सगळे तयार आहेत. कस्तुरी आले म्हणाली. पुष्करच्या मनात होतं की तिला म्हणावं, त्यातली एखादी मला सांग, साळिंदराची सांग, आत्ता नाही तर केव्हाही, मी ब्रॅकनेलहून येईन. पण हे मागायचा हक्क कसला, असंही वाटलं. आणि दोन्ही विचार एकमेकांत अडकून पडले असताना त्याच्या तोंडून तिसरंच बाहेर आलं.

"मग तो थांबला का कधी?"

कस्तुरीने त्याच्याकडे पाहिलं. आल्यापासून पहिल्यांदा सरळ पाहिलं असं त्याला वाटलं. ती उत्तर शोधत नव्हती. ते तिला ठाऊक होतं, आणि ते कसं द्यावं एवढाच विचार ती करत होती.

"तिथपर्यंत गोष्ट गेलीच नाही, बाबा," ती म्हणाली. "मी मोठी झाले."

किटली उकळून आपोआप बंद झाली. मंडळी येऊन आपापल्या जागी बसू लागली. मॉरीनबाईंनी पुष्करसाठी खुर्ची मागे ओढून धरली आणि तो बसेपर्यंत धरून ठेवली. कस्तुरीने सहावा डबा उघडला आणि सगळ्यांना चमचे स्वच्छ धुऊन घ्यायला सांगितलं, म्हणजे आधीची चव पुढच्या चहात उतरणार नाही. भांड्यात गरम पाणी होतं. एकेकाने चमचा बुडवून, हलवून, रुमालाने पुसला. पुष्करची पाळी शेवटची होती. त्याने चमचा पाण्यात धरला आणि बराच वेळ बाहेर काढला नाही.